आंबट कशाचं?

वहिनी, कावळा लगेच शिवला म्हणे.

पिंड ठेवून पुरुषमंडळी मागे सरतायत न सरतायत तोच तो माडावरून उतरला आणि चोच मारून गेला. तुमचे भावोजी घरी आले, ओटीवर बसले आणि पंच्याने मान पुसत म्हणाले, "सुटल्या वहिनी. कशात म्हणून जीव अडकला नव्हता त्यांचा." जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. "तृप्त होऊन गेल्या हो," असंही कुणीतरी म्हणालं. मी आत भांडी विसळत होते. हातातलं पातेलं मोरीत आपटलं नाही एवढंच. जन्मभर या घरात राबलात, आणि तुमची इच्छा उरली की नाही हे ठरवणार कोण, तर तो काळतोंड्या!

तुमचा जीव अडकला होता. कशात ते मला ठाऊक आहे, आणि हसू नका, वाडगाभर रश्शात.

महेश परवा मुंबईला गेला. तेरा दिवस तो या घरात होता आणि तेरा दिवस माझ्याशी बोलला नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला की घ्यायचा, पण 'काकी' म्हणून हाक नाही. तुमचा लेक, पण वाढला माझ्याही मांडीवर. मला मूल नाही, हे काय तुम्हाला सांगायचं? त्याच्या मनात आहे की आई गेली ती माझ्यामुळे. तुम्ही असतात तर मी तुम्हालाच विचारलं असतं की याला काय सांगू. आता तुम्हीच नाही म्हटल्यावर तुमच्याशी एकटीनेच भांडायचं. तशी आपल्याला भांडणाची सवय होतीच.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही चुलीपाशी होतात, आणि तुम्हाला शेवटचं धड उभं पाहिलं तेही गॅसपाशीच. मधल्या सगळ्या वर्षांत मी रत्नागिरीला कचेरीत फायली हलवल्या. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, येताना मिरकरवाड्यावरून मासे. थोरल्या जावेने रांधायचं आणि धाकटीने कमवायचं, अशी वाटणी कुणी बसून केली नाही, ती आपोआप झाली. मला धड आमटी येत नाही हे अख्ख्या वाडीला माहीत होतं, आणि तुम्हीच ते सगळ्यांना हौसेने सांगायचात. मी पिशवी घेऊन अंगणात पाय ठेवला की तुम्ही आतूनच ओरडायचात, "शुभा, कालचे बांगडे बांधलेन गो तुझ्या गळ्यात!" तुमचं ते नाक! मी म्हणायचे, वहिनी, तुम्हाला पोलिसांत घ्यायला हवं होतं.

ते नाक तयार झालं सणावारांत. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत रांधणारीने काही चाखायचं नाही, हा आपल्याकडचा दंडक. गौरी-गणपतीत एवढ्या माणसांचा स्वयंपाक आणि जिभेला थेंब नाही. मग मीठ कळणार कसं? तर तुम्ही झाकण उचलून वाफ नाकावर घ्यायचात, डोळे मिटून जराशा थांबायचात, आणि एक तर चिमूट टाकायचात, नाहीतर झाकण परत ठेवायचात. चुकलेलं मला आठवत नाही. पुढे पुढे सण नसला तरी तुम्ही चाखेनाशा झालात. मी एकदा म्हटलं, "अहो, आज कुठला नैवेद्य? घ्या की जरा जिभेवर." तर म्हणालात, "कशाला? मला ठाऊक हाय काय घातलंय ते."

आणि बसायचात सगळ्यांच्या मागून. सकाळी आम्हाला तव्यावरची भाकरी, तुम्हाला आदल्या रात्री पाणी घालून ठेवलेला शिळा भात. त्याला आंबूस वास सुटलेला असायचा. "टाका हो तो," मी म्हणायचे. "अन्न हाय ते," तुम्ही म्हणायचात, आणि मिठाचा खडा नि कांदा चुरडून, चुलीच्या कडेला बसून खायचात. पुढे महेशचे वडील गेले, सासूबाई गेल्या, घरात भाकऱ्या उरायला लागल्या, तरी तुमचा तो भात काही सुटला नाही.

मी निवृत्त झाले आणि व्हिएतनामच्या टूरचं डोक्यात घेतलं. तुमचे भावोजी म्हणाले, "तिकडची माणसं काय वाट्टेल ते खातात. मी नाही येणार." मग मी आपलं गमतीने तुम्हाला विचारलं. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "चल." मला वाटलं थट्टा करताय. महेशने मुंबईहून येऊन धावपळ करून तुमचा पासपोर्ट काढला. त्या फोटोत तुम्ही अशा बघताय, की समोरच्याने नुकतंच दूध उतू घालवलंय.

टूरवाल्यांनी आपला आचारी बरोबर घेतला होता. परदेशात घरचं जेवण, हीच त्यांची जाहिरात. हनोईला पोचलो त्या दिवशी हॉटेलच्या हॉलमध्ये पिठलं, भात, बटाट्याची भाजी आणि वर श्रीखंड. आपली मंडळी काय खूश! मीसुद्धा खूश, खोटं कशाला बोलू? शिवाय माझ्या बॅगेत मेतकूट होतं, लसणीची चटणी होती, लाडू होते. तुम्ही ताटाकडे बघत बसलात. मग माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "शुभा, एवढं विमानात बसून आले ती पिठलं खायला? ते मी घरी करून आले नाय का गो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आचाऱ्याने पोहे मांडले आणि तुम्ही गायब. मी अर्धवट चपला अडकवून रस्त्यावर धावले. बघते तर तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर, आपल्या पाटापेक्षा जराशा उंच अशा प्लॅस्टिकच्या स्टुलावर, नऊवारी सावरून बसलेल्या. समोर तुमच्याच वयाची एक बाई, तिच्यापुढे भलं मोठं पातेलं, आणि तुम्ही दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसताय. कप्पाळ माझं! मी म्हटलं, "उठा. कशाचं आहे ते ठाऊक नाही. गाईचं असलं तर? सापाचं असलं तर?" आपला गाइड तुआन माझ्यामागून धावत आलेला. त्याला आपल्या पर्यटकांकडून शिकलेलं थोडं हिंदी यायचं. तो म्हणाला, "केकडा, मॅडम, केकडा."

"कुर्ल्या!" तुम्ही म्हणालात. "बस गो खाली. उगाच नाचतेस."

त्या बाईने दोन्ही हातांनी वाडगा तुमच्यापुढे धरला. तुम्ही तो घेतलात आणि घटकाभर तिच्याकडे बघत राहिलात. मला तेव्हा कळलं नाही की एवढं काय बघताय. तुम्हाला आधी बसवून, तुमच्या हातात कुणी गरम वाढलेलं मी या घरात पाहिलंच नव्हतं.

मग तुम्ही वाफ नाकावर घेतलीत. डोळे मिटलेत आणि गणपतीच्या दिवशी बोलायचात तशा बोलायला लागलात. "कुर्ल्या कुटून घातल्यायत. टोमॅटो. हे खारवलेल्या माशाचं पाणी, मिरकरवाडा आला बघ. पातीचा कांदा. शेवया तांदळाच्या, आपल्या शिरवाळ्यांच्या जातीच्या." आणि थांबलात. परत वाफ घेतलीत. "शुभा, आंबट कशाचं?"

"टोमॅटोचं असेल."

"नाय. त्याच्या पाठीमागे दुसरं काय तरी हाय. चिंच नाय. कोकम नाय. लिंबू तर हे बाजूला ठेवलेन." तुम्ही चमचा भरून तोंडात घातलात, जिभेवर घोळवलात, आणि हसायला लागलात. वहिनी, तुम्हाला मी हळदीकुंकवात हसताना पाहिलंय, महेशच्या लग्नात पाहिलंय. हे हसू निराळं होतं. "कळत नाय गो!" तुम्ही म्हणालात. "मला कळत नाय काय घातलंय ते!"

लॉटरी लागल्यागत काय हसताय, असं मी विचारलं. मला खरंच चीड आली होती. "न कळणारं तोंडात घालू नये," मी म्हटलं. तर तुम्ही वाडग्यातून मान वर न काढता म्हणालात, "कळतं तेच खात आले जन्मभर. मीच घालायचं नि मीच खायचं. त्यात खाण्यासारखं काय उरतं?"

हा आपला वाद. तिथे सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. मला वस्तूचं नाव लागतं, नियम लागतो, कुठून आलं ते लागतं. आयुष्यभर तेच केलं मी कचेरीत. आणि तुम्ही सत्तरीच्या उंबरठ्यावर, नाव नसलेल्या चवीवर खुळ्या झालात. पुढे समुद्रकाठी गोगलगाई टाचणीने काढून खाल्ल्यात. अंडं फेटून घातलेली कॉफी प्यायलात, वर ओठावरचा फेस चाटलात. एका पाल्याला कच्च्या माशाचा वास येतो म्हणून तो पदराला बांधून आणलात आणि अख्ख्या बसला हुंगायला लावलात. आपल्या ग्रुपमधल्या दोघी कुजबुजल्या, म्हाताऱ्या विधवा बाईला या वयात जिभेचे चोचले. मी वळून म्हटलं, "तुमचं श्रीखंड खा गुमान." माझं नि तुमचं भांडण वेगळं, त्यात परक्यांनी तोंड घालायचं कारण नव्हतं.

हनोईत होतो तोवर रोज सकाळी तुम्ही त्याच स्टुलावर. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "जातोय आता. तुआनला सांगते, त्या बाईला विचार म्हणावं, आंबट कशाचं." तर तुम्ही माझं मनगट धरलंत. चांगलं घट्ट. "विचारायचं नाय. विचारलंस तर माझी शपथ. मी शोधून काढीन."

आणि घरी आल्यावर तुम्ही खरोखर मागे लागलात. आमसूल झालं, चिंच झाली, कैरी, बिंबलं, अंबाडी, ताक. मला शहरातून व्हिनेगरची बाटली आणायला लावलीत. दर वेळी कुर्ल्यांचा रस्सा, दर वेळी पळीतला थेंब तळहातावर, आणि जीभ लावून, "नाय. हे नाय." तुमचे भावोजी म्हणायचे, आता मला खेकड्याची नांगी फुटेल. महेश फोनवर पहिलं विचारायचा, "आई, सापडलं का?" पण मी तुम्हाला एक सांगितलं नाही कधी. वहिनी, तुम्ही चाखायला लागला होतात! आपल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून, सगळ्यांच्या आधी, स्वतःच्या जिभेने. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तुम्ही थांबला असतात.

मग ती सकाळ. पळी पडल्याचा आवाज आला आणि मी धावत आले तर तुमची उजवी बाजू गेलेली. हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, सगळ्यात वाईट म्हणजे गिळण्याची ताकद गेली आहे. तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. घास श्वासाच्या वाटेने छातीत उतरेल आणि न्यूमोनिया होईल. नाकातून पोटात नळी घातली त्यांनी. महेश रजा संपेपर्यंत राहिला आणि मग सुटी मिळेल तसा येत राहिला. जाताना दर वेळी हात जोडायचा. "काकी, तुझ्या पाया पडतो, तोंडाने काही देऊ नकोस. मला आई हवी आहे." त्याचं काय चुकलं?

त्या नळीतून मी तुम्हाला जेवायला घातलं. जेवायला कसलं, पातळ पेज सिरिंजने ओतायची. पोट भरायचं आणि तोंड कोरडं ठणठणीत. ओठांवरून ओला कापूस फिरवायचे, तर तुम्ही तो दातांत धरून ठेवायचात, सोडायचात नाही. मला बोटाने ओढून काढायला लागायचा. तो कापूस दातांतून काढणं मला अजून विसरता येत नाही.

"दे," तुम्ही म्हणायचात. शब्द वेडावाकडा यायचा, पण मला कळायचा. "डॉक्टर काय म्हणाले?" मी म्हणायचे. मग तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवायचात. पावसाळा गेला, थंडी आली, आपलं हेच चाललेलं. एकदा मी सिरिंज भरत होते आणि तुम्ही एकेक अक्षर ढकलत म्हणालात, "भांडं हाय का मी? ओततेस ती?" मी चिडून म्हटलं, "मग काय करू? महेशला काय तोंड दाखवू?" डाव्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत गेलं आणि ते पुसायला तुमचा अशक्त झालेला डावा हात काही तिथवर पोचेना.

आंब्याला मोहोर आला तोवर तुमच्या अंगावर नुसती कातडी राहिली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता सुधारणा होईल असं धरू नका, स्वच्छ ठेवा, जपा. मी घरी आले आणि मनात म्हटलं, जपायचं ते काय? कुणासाठी? मी मोबाईल काढला आणि तुआनला निरोप धाडला. तुमची शपथ मोडली. त्या शपथेने जे व्हायचं ते आधीच होऊन बसलं होतं.

त्याने त्या बाईला विचारून उत्तर पाठवलं. मागच्या पायरीवर बसून ते मी परत परत ऐकलं. काय ते सांगते, वहिनी, पण जरा थांबा. आधी बाकीचं सांगू दे.

आंबट तयार व्हायला आठवडा गेला. मी ते बरणीत घालून फळीवर मागे ठेवलं होतं, तुमच्या नाकाच्या भीतीने. मग मिरकरवाड्याला जाऊन जिवंत कुर्ल्या आणल्या. ज्या बाईला आमटी येत नाही तिने कुर्ल्या कुटल्या, गाळल्या, रस्सा केला. आणि चाखला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, पण हात झाला नाही. झाकण उचललं, वाफ नाकावर घेतली, मला काही म्हणजे काही कळलं नाही. देवाचं नाव घेऊन मीठ टाकलं.

वाडगा तुमच्या नाकाशी धरला. एका नाकपुडीत नळी, दुसरी मोकळी. तुम्ही डोळे मिटलेत. किती दिवसांनी तुमचा चेहरा कामाला लागलेला मी पाहिला! "कुर्ल्या," तुम्ही म्हणालात. परत वाफ घेतलीत. डाव्या हाताची बोटं चादरीवर हलली, आणि तुम्ही डोळे उघडलेत ते माझ्यावर रोखलेत. "दे."

मी तुम्हाला उशांना टेकवून बसवलं, हनुवटी खाली धरली आणि चहाच्या चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेवर ठेवलं. तुम्ही ते तोंडात धरून ठेवलंत. मग आणखी थोडं. मग आणखी थोडं, आणि ठसका लागला. मी चमचा ठेवला, पाठ चोळली, ठसका थांबला. तुमचं कपाळ घामाने भिजलं होतं आणि तोंडाची चांगली बाजू हसत होती. मग तुम्ही म्हणालात, "काय घातलंस?"

मी घाबरले. ठसक्याला नाही एवढी त्या प्रश्नाला घाबरले. विचारायचं नाय म्हणून माझं मनगट आवळणारी बाई, आता स्वतःच विचारतेय? म्हणजे शोधायचं सोडलंत की काय? आणि दुसरी भीती अशी, की ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. मी हसण्यावारी नेलं. "ओळखा की तुम्हीच. एवढं नाक मिरवताय ते! नाहीच जमलं तर उद्या सांगते."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. परत विचारलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग तापलं होतं. दुपारपर्यंत छाती घरघरायला लागली. महेश पोचला तेव्हा तुम्ही हॉस्पिटलात, तोंडावर मास्क. तो डॉक्टरांशी बोलून आला आणि मला म्हणाला, "काकी, खरं सांग. तोंडाने काही दिलंस?"

"हो," मी म्हटलं. "दिलं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता वळला आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. तुम्ही गेलात तेव्हाही आम्ही तसेच होतो, मधे तुमची खाट, तो तिकडे, मी इकडे.

मी डॉक्टरांना विचारलं, वहिनी. सरळ विचारलं, माझ्या चमच्याने झालं का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. अशा पेशंटची स्वतःची लाळसुद्धा छातीत उतरते." एवढं एक वाक्य मिळालंय मला. ते घेऊन मी झोपते आणि ते घेऊन उठते. कधी वाटतं त्यांनी खरं सांगितलं, कधी वाटतं समोर एक म्हातारी थरथरत उभी होती म्हणून बोलले. चूक केली असं मी म्हणणार नाही. परत तसंच झालं तर परत देईन. पण जे केलं त्याने तुमचा जीव घेतला असेल, हेही मला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. दोन्ही खरं असू शकतं, आणि दोन्ही घेऊन मला या घरात राहायचंय. स्वयंपाकघरात गेले की कुठल्याच डब्याला माझा हात ओळखत नाही. काल हळद शोधायला अर्धा तास गेला. बसले तिथेच जमिनीवर आणि तुम्हाला शिव्या घातल्या.

तेराव्याला तुमच्या नावाने जेवणाची वाडी ठेवली. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. सगळे म्हणाले, वहिनींना आवडायचं ते सगळं केलंत हो. आवडायचं! कुणाला ठाऊक होतं तुम्हाला काय आवडतं? तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं, त्या फुटपाथवर जाऊन बसेपर्यंत?

परवा महेश निघाला. काकांच्या पाया पडला, माझ्या पडल्यासारखं केलं, बॅग खांद्याला लावून कुंपणाच्या गडग्यापर्यंत गेला. मी ओटीवरच उभी होते. म्हटलं, हा आता दिवाळीलाही येणार नाही. आणि तो परत फिरला. अंगणात तुळशीपाशी येऊन थांबला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई काही बोलली का? तेव्हा?"

"बोलली," मी म्हटलं. "काय घातलंस, विचारलंन."

त्याने मान वर केली. "आईने विचारलं?"

"हो."

"मग?"

"मी म्हटलं, ओळखा. उद्या सांगते."

त्याची हनुवटी अशी थरथरत होती, लहानपणी पडला की व्हायची तशी. मला वाटलं आता म्हणेल, द्यायचं नव्हतंस. तेरा दिवस तेच ऐकायची तयारी करून बसले होते मी. तो म्हणाला, "सांगायचं होतंस ना गं काकी." आणि डोळे पुसत एसटी गाठायला गेला.

'काकी' म्हणाला. तेवढं मी गाठीला बांधून ठेवलंय. पण त्याचं खरं आहे. तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं नाही, आणि उद्या काही आला नाही. तर आता ऐका. हरलात असं समजू नका आणि वाईटही वाटून घेऊ नका. कुर्ल्या कुटून, गाळून घेतल्या. टोमॅटो घातले. सुकटीचं पाणी घातलं, त्यांचं ते माशाचं पाणी इथे कुठून मिळणार? पातीचा कांदा. मीठ अंदाजाने, न चाखता.

आणि आंबट होतं ते शिळ्या भाताचं, वहिनी. पाणी घालून ठेवलेल्या, आंबलेल्या. तुम्ही रोज सकाळी चुलीच्या कडेला बसून खायचात, त्या.